सकाळी कबुली, दुपारी खून

"अरे, तोंड मिट! एक शब्द बोलू नकोस त्याच्यासमोर. पोलीस आहे तो, तुझा मामा नाही. वकील माग आधी, वकील."

आवाज कॅमेऱ्याच्या मागून आला आणि असा आला की छताला टांगलेला दिवा हेलकावे खाऊ लागला, मेकअपवाल्याच्या हातून पावडरचा डबा निसटला आणि लॉकअपच्या भिंतीला तडा गेला. भिंत प्लायवूडची होती, हे मला मान्य आहे. पण तडा गेला हे मी शपथेवर सांगेन. खुर्चीला दोरीने बांधलेला आरोपी अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून बसला. त्याच्या डोळ्यांत घातलेलं ग्लिसरीन तेवढं गालावरून ओघळत राहिलं, कारण ग्लिसरीनला कायदा कळत नाही.

हे नोएडातल्या एका स्टुडिओत घडलं. तिथे आमची हिंदी गुन्हेमालिका चालायची आणि तिचे संवाद मी लिहायचो. दर आठवड्याला एक खून, एक तपास आणि शेवटी एक कबुली. चॅनलच्या कुणा मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं की कायद्याचा सल्लागार हवा. माझ्या ओळखीत एकच वकील होता, मयूर विहारमध्ये आमच्याच सोसायटीत राहणारा. मी त्याला घेऊन आलो आणि पहिल्याच सकाळी त्याने पहिलाच टेक मोडला.

ते मेश्राम साहेब. मूळचे भंडाऱ्याकडचे. यमुनेपलीकडच्या जिल्हा कोर्टात उभी हयात फौजदारी वकिली केलेले. अंगात काळा कोट. तो जूनच्या उन्हातही उतरायचा नाही, म्हणून उन्हाने शेवटी हार मानून त्याचा रंगच उतरवला होता. उंची बेताची, पोट सुटलेलं, आणि आवाज मात्र एवढा की आमच्या सोसायटीतली कबुतरं त्यांना कंटाळून गाझियाबादला राहायला गेली, असं आम्ही म्हणायचो.

दिग्दर्शक चक्रावला होता. "ये कौन साहब हैं?"

"लीगल एडवाइज़र," मी म्हणालो.

"इनको चाय पिलाओ. दूर बिठा के."

मेश्राम साहेब चहाला दूर गेले नाहीत. ते थेट सेटवर चढले आणि आरोपीची दोरी सोडू लागले. सोडता सोडता दिग्दर्शकाला हिंदीत आणि मला मराठीत समजावत होते, "पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आजचा नाही हा कायदा, इंग्रजांनी केलेला आहे. इंग्रजांना स्वतःच्या पोलिसांवर भरोसा नव्हता, बाप्पा. तुम्हाला काहून आहे?"

"सर, पण क़बूल नहीं करेगा तो एपिसोड ख़त्म कैसे होगा?"

"ख़त्म क्यों होना चाहिए? मेरे तो नौ-नौ साल चलते हैं."

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. खुर्चीवरचा आरोपी मात्र खुदकन हसला. तो अमोल खिल्लारे.

अमोल हिंगोलीचा. वडील एसटीत कंडक्टर होते. पोरगा कलेक्टर होणार म्हणून दिल्लीला धाडलेला. परीक्षेचे सगळे प्रयत्न संपले, वयही संपलं, आणि घरी हे सांगायची हिंमत होईना म्हणून तो दिल्लीतच राहिला. चेहरा साधा, विसरून जावा असा. आमच्या धंद्यात अशा चेहऱ्याला मागणी असते, कारण एकच माणूस या आठवड्यात ड्रायव्हर, पुढच्या आठवड्यात मेहुणा आणि त्यापुढच्या आठवड्यात भाडेकरू म्हणून खून करू शकतो, आणि प्रेक्षकाला संशय येत नाही. अर्ध्या उत्तर भारताचे खून त्याने कबूल केले होते. तरीही गल्लीतला पानवाला त्याला ओळखत नव्हता. एकच उणीव होती. त्याला रडू यायचं नाही. दिग्दर्शक ओरडायचा, "ग्लिसरीन लाओ इसका, ये पत्थर है."

आमच्या सेटवर एक रीत होती आणि पुढे जे झालं ते त्या रीतीतून झालं, म्हणून सांगून ठेवतो. इन्स्पेक्टर होणारा नट दुपारनंतर दुसऱ्या मालिकेत कुणाचा तरी सासरा असायचा. त्यामुळे लॉकअपचं सगळं चित्रीकरण सकाळीच उरकायचं. म्हणजे अमोल सकाळी ढसाढसा रडून गुन्हा कबूल करायचा, मग त्याची दोरी सुटायची, हातात चहा यायचा, आणि जेवणानंतर तो खून करायला जायचा. सकाळी कबुली, दुपारी खून. वर्षानुवर्षं हाच क्रम.

मेश्राम साहेबांना हे कळलं तेव्हा ते एवढे हसले की खोकला लागला. मग हसू पुसून म्हणाले, "लेखकराव, तुला वाटते हे उलटं आहे. काही ठिकाणी खरोखरच असंच चालते. कबुली आधी, गुन्हा मागाहून."

ते मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत. लेखकराव. त्यात आदर शोधू नका.

घरी त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. संध्याकाळी कोर्टातून आले की मुरमुऱ्यांची वाटी घेऊन टीव्हीसमोर बसायचं आणि मिळेल त्या गुन्हेमालिकेतल्या आरोपीला ओरडून सल्ला द्यायचा. "सही करू नको. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको." आरोपी ऐकायचा नाही. दर वेळी कबूल करायचा. दर वेळी साहेब "गेला, हाही गेला" म्हणत मुरमुरे बाजूला सारायचे, जणू घरचं माणूस गेलं. मेश्राम काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अहो, चहात साखर घातलीत ना तुम्ही? डबा उघडा आहे." साहेबांना साखरेचा आजार जुना. ते मान न वळवता सांगायचे, "आधी पुरावा आण. कबुलीवर केस चालवायचे दिवस गेले."

त्यांची शिकवण अख्ख्या सोसायटीत पसरली होती. मुलांनी क्रिकेट खेळताना काच फोडली आणि सेक्रेटरीने रांगेत उभं करून विचारलं की प्रत्येक पोर छाती काढून म्हणायचं, "मला काही सांगायचं नाही." सेक्रेटरी तक्रार घेऊन मेश्राम साहेबांकडे जायचे. साहेब म्हणायचे, "बिल्कुल बरोबर बोलले. आता तुम्ही चेंडू शोधा."

हे सगळं विनोदी वाटतं. मलाही वाटायचं. एकदा मी चेष्टेत विचारलं, "साहेब, टीव्हीवरच्या खोट्या आरोपीसाठी एवढा जीव का काढता?" तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि त्यांच्या आवाजाचं बटण कुणीतरी खाली केल्यासारखी सांगितली.

त्यांचा थोरला भाऊ शाळेत फार हुशार होता. तो चौथीत असताना वर्गात कुणाची तरी पाटी हरवली. मास्तरांनी छडी घेतली आणि थोरल्याला विचारायला लागले. विचारत राहिले. शेवटी तो म्हणाला, हो, मीच घेतली. "मार थांबला," साहेब म्हणाले. "त्या वयात माणूस तेवढंच पाह्यते, मार थांबला की नाही. पाटी पुढच्या आठवड्यात मास्तरांच्याच कपाटामागे सापडली. पण मधल्या दिवसांत सगळा गाव त्याला चोर म्हणून बसला होता. तो परत शाळेत गेला नाही. जन्मभर बिड्या वळल्या. त्याच्या बिड्यांवर मी वकील झालो." मग त्यांनी मुरमुऱ्यांची वाटी पुढे ओढली. "खरं बोलायला घाई नसते, राजा. घाई असते ती खोटं वदवून घ्यायला."

सेटवर त्यांनी दिग्दर्शकाचा नाद सोडला आणि अमोलला धरलं. कबुलीचा टेक संपून चहा आला की ते त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि त्याला खरी कबुली कशी असते ते शिकवायचे. खरी कबुली पोलिसासमोर नाही, मॅजिस्ट्रेटसमोर. तीही अशी तशी नाही. मॅजिस्ट्रेट आधी पोलिसांना बाहेर काढतो. मग सांगतो, तू हे सांगायला बांधलेला नाहीस. सांगितलंस तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. मग विचार करायला वेळ देतो. "आणि सगळ्यात मोठी गोष्ट," साहेब चहाचा कप त्याच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "तिथे तू नाही म्हणालास तर तुला परत पोलिसांच्या ताब्यात देता येत नाही. कायदा आहे. तेवढं एक वाक्य पाठ ठेव. बोल."

"मुझे कुछ नहीं कहना," अमोल म्हणायचा.

"रडून नको बोलू. सपाट बोल."

"मुझे कुछ नहीं कहना."

"आता बोलला वकिलासारखा."

आम्ही सगळे हसायचो. अमोलला वाटायचं साहेब त्याच्यासाठी भूमिका लिहून घेताहेत. ते मला खरंच सांगायचेही, "लेखकराव, एका एपिसोडमध्ये याला गप्प बसू दे." मी हो म्हणायचो. असा एपिसोड झाला नाही. गप्प बसणाऱ्याला कोण बघतं?

मग एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे मुरमुरे खात बसलो होतो. टीव्ही चालू होता. पडद्यावर अमोल खुर्चीत बसून हुंदके देत होता. "पहले मेरा सब्र मरा, साहब. फिर वो मरा." साहेब नेहमीसारखे ओरडले, "तोंड मिट म्हटलं ना, किती वेळा सांगू."

मी म्हणालो, "साहेब, हे वाक्य माझं आहे. गेल्या वर्षीच्या एपिसोडमधलं."

ते पुढे झुकून बघत राहिले. "तुझी भिंत निळी असते," ते म्हणाले. "ही पिवळी आहे."

मग आम्हाला खालची पट्टी दिसली. मालिका नव्हती. बातम्या होत्या. काकूंनी लावलेलं चॅनल आम्ही बदललंच नव्हतं. साहेबांच्या हातातली वाटी कलंडली आणि मुरमुरे सगळ्या फरशीवर पसरले. ते कुणीही उचलले नाहीत.

झालं होतं ते असं. पूर्व दिल्लीत अमोल ज्या खोलीत राहायचा, तिथला म्हातारा घरमालक सकाळी जिन्याखाली मेलेला सापडला. डोक्याला मार. आदल्या दिवशी पाण्याच्या मोटरवरून त्याचं आणि अमोलचं भांडण झालेलं सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. अमोलला चौकीत नेलं. तो भेदरून गेला होता. तेवढ्यात तिथल्या एका शिपायाने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "अरे, तू वही सीरियल वाला है ना?" चौकीचा नूरच पालटला. त्याला बसायला खुर्ची मिळाली. बिस्किटं आली. सगळे भोवती जमले. "वो रोने वाला सीन कर के दिखा." आणि अमोलने करून दाखवला. कुणीतरी मोबाइलवर घेतला. त्या मोबाइलवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, आणि तिसऱ्यावरून टीव्हीवर जाईपर्यंत त्यातली बिस्किटं आणि फर्माईश गळून पडली होती. उरली फक्त कबुली.

पुढे कुणीतरी त्याला पटवलं की हेच एकदा जजसमोर बोल आणि मोकळा हो. त्याला ते पटलं, हे ऐकून लोक त्याला मूर्ख म्हणाले. मी म्हणणार नाही. कबुलीनंतर दोरी सुटते आणि चहा येतो, हे त्याच्या हाडात आम्हीच मुरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या गर्दीतून मेश्राम साहेब असे धावले की मी तो कोट प्रथमच वाऱ्यावर उडताना पाहिला. अमोलला पोलीस हाताला धरून नेत होते. बोलायला म्हणाल तर दाराशी पोचेपर्यंतचा वेळ. साहेबांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "राजा, हा सेट नाही. आत चहा नाही. तुला पाठ करून दिलेलं वाक्य आहे ना, तेवढंच." अमोल त्यांच्याकडे पाहत होता, पण नजर टेकच्या आधी असते तशी रिकामी होती. दार बंद झालं. आम्हाला बाहेर थांबवलं.

मग मी दिल्लीतला सर्वांत मोठा चमत्कार पाहिला. मेश्राम साहेब गप्प बसले. बाकावर, हात मांडीवर ठेवून. येणारे जाणारे वकील थबकून बघत होते. एकाने मला हळूच विचारलं, "साहब की तबीयत ठीक है?"

आत काय झालं ते अमोलने नंतर सांगितलं. मॅजिस्ट्रेट एक तरुण बाई होत्या. त्यांनी पोलिसांना बाहेर पाठवलं, साहेब सांगायचे तस्संच सगळं सांगितलं आणि विचार करायला वेळ दिला. तो बसून राहिला. पंखा फिरत होता. "दादा, मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "कुणी 'ऍक्शन' म्हणालंच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की मी कुठे आहे." बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मुझे कुछ नहीं कहना." सपाट म्हणाला.

त्या एका वाक्यावर तो पोलिसांकडे परत न जाता तुरुंगात गेला. तुरुंगात गेला म्हणून आनंदाने गुलाबजाम खाणारा वकील मी दुसरा पाहिला नाही. काकूंनी शर्टावरचा पाकाचा डाग दाखवला तेव्हा मात्र साहेबांनी पुरावा मागितला नाही.

काही महिन्यांनी डॉक्टरांचे सगळे अहवाल आले. म्हाताऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, तो जिन्यात कोसळला आणि पायरीची कड डोक्याला लागली. खून झालाच नव्हता. सकाळी कबुली झाली, आणि दुपार उजाडलीच नाही. अमोल सुटला.

मी आणि साहेब त्या चॅनलमध्ये गेलो. सोबत माझा जुना एपिसोड नेला. हा बघा मूळ प्रसंग, ही बघा तीच वाक्यं, एवढं तरी दाखवा. तिथल्या पोराने दोन्ही शेजारी शेजारी लावून शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "सर, ओरिजिनल में उतना फ़ील नहीं है." सुटकेची बातमी द्या म्हटलं तर म्हणाला, "छूट गया, तो इसमें स्टोरी क्या है?" साहेब त्याच्यावर ओरडले नाहीत. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "इथे मॅजिस्ट्रेट कुणाला बाहेर काढणार?"

सुटल्यावर अमोल आधी साहेबांच्या घरी आला. काकूंनी जेवायला वाढलं. मी मूर्खासारखं विचारलं, "चौकीत ग्लिसरीन कोणी दिलं तुला?"

"नव्हतं, दादा."

"मग रडलास कसा? तुला तर येत नाही."

तो ताटातला भात चिवडत राहिला. "त्यांनी मला ओळखलं ना," तो म्हणाला. "दिल्लीत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं. आपोआप आलं."

मग त्याने तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून वडिलांनी एकच विचारलं, खरं सांग, मारलंस का? तो म्हणाला, नाही. वडील म्हणाले, मग रडत कशाला होतास? आणि फोन ठेवला. हिंगोलीत चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या स्टँडवर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो रडत होता. वडिलांनी स्टँडवर जायचं सोडलं होतं. अमोलला दिल्ली नको होती, नट व्हायचं नव्हतं, त्याला घरी जायचं होतं. पण घरी जायला बापाचा विश्वास लागत होता. त्याने चेहरा दिसणार नाही असं काम धरलं. परदेशी कार्टूनमधल्या एका बदकाला हिंदीत आवाज द्यायचं.

मेश्राम साहेब म्हणाले, "खालचं कोर्ट जिंकलो. अपील बाकी आहे. वरचं कोर्ट हिंगोलीत बसते."

ते कोर्ट एकदा दिल्लीत आलं. अमोलच्या वडिलांचा पुतण्या कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात नोकरीला होता, त्याच्याकडे वडील, म्हणजे खिल्लारे काका, आले. अमोलला भेटायला नाही, डोळे तपासायला. साहेबांना कळलं. तोवर त्यांची किडनी साखरेने खाल्ली होती, पाय सुजले होते, आठवड्यातले ठरावीक दिवस डायलिसिससाठी दवाखान्याच्या पलंगावर जात होते. तरी कोट चढवला. मेट्रोत मी त्यांचा हात धरला तर हात झटकला.

सदनाच्या कॅन्टीनमध्ये खिल्लारे काका ताठ बसले होते. पांढरा सदरा, खिशाला पेन. जन्मभर गर्दीत तिकीट मागितलेल्या माणसाची नजर असते ती, समोरच्याने काढलंय की नाही हे बघणारी. साहेबांनी युक्तिवाद सुरू केला आणि अर्ध्या वाक्यात जुना आवाज परत आला. थालीपीठ खाणारे अधिकारी घास हातात धरून ऐकत बसले, वाढपी भिंतीला टेकले, बाहेरच्या रस्त्यावरची वाहतूक सुद्धा हळू झाली असावी. कायदा सांगितला, डॉक्टरांचा अहवाल सांगितला, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे दळभद्री वाक्य लिहिणारा माणूस हा समोर बसलाय." मी मान डोलावली. खिल्लारे काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, बोलनं शिकवलेलं व्हतं, हे पटलं," ते म्हणाले. "अन् रडनं? ते बी शिकवलेलंच का?"

मी टेबलाखालून साहेबांच्या पायाला पाय लावला. एक शब्द पुरे होता. ग्लिसरीन. काका त्याच गाडीने पोराला घरी घेऊन गेले असते. कोर्टात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं खोटं जड नव्हतं.

साहेबांनी पाण्याचा ग्लास फिरवला. डॉक्टरांनी पाणीही मोजून दिलेलं होतं, त्यामुळे प्यायले नाहीत. "नाही," ते म्हणाले. "रडणं खरं होतं." का, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मंग इचार करून सांगतो," ते म्हणाले आणि उठून गेले.

परतताना मी मेट्रोत साहेबांवर चिडलो. "एक शब्द, साहेब. संपलं असतं."

"तुझ्या सीरियलमध्ये संपलं असतं," ते म्हणाले. यमुना ओलांडताना पुन्हा बोलले. "त्यांनी विचाराला वेळ मागितलाय. द्यावाच लागते. कायदा आहे."

त्या हिवाळ्यात मेश्राम साहेब गेले. धुकं एवढं होतं की अंत्ययात्रेत पुढचा माणूस मागच्याला दिसत नव्हता. अतिशयोक्ती करायची मला सवय आहे, पण हे खरं आहे. दवाखान्यात शेवटी शेवटी समोर टीव्ही होता आणि त्यावर कुणीतरी कबुली देत होतं. त्यांनी पाहिलं. काही म्हणाले नाहीत. मी रिमोट शोधत राहिलो.

घरी बुद्धवंदना झाली, लोक येऊन बसून गेले. सोसायटीतली ती काच फोडणारी पोरं आता मिशा फुटलेली होती, तीही खाली मान घालून बसली. अमोल सकाळपासून चहा देत होता आणि कप विसळत होता. सगळे गेल्यावर दारात खिल्लारे काका उभे राहिले. हिंगोलीहून थेट आले होते, परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं. काकूंच्या हातात त्यांनी हळदीची पिशवी दिली. "वसमतची हाये," म्हणाले. साहेबांच्या फोटोला हात जोडले. मग टीव्हीसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसले.

मला राहवेना. "काका, विचार झाला का?"

"झाला." ते माझ्याशी बोलत होते, पण आवाज स्वयंपाकघराकडे जाईल असा होता. "त्या मानसाला खोटं बोलता येत व्हतं. पोराच्या भल्याचंच व्हतं. तरी रडनं खरं म्हनाले. मंग बाकीचं बी खरंच असनार."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. अमोल हातात ओला कप आणि फडकं घेऊन दारात आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे काकांनी पाहिलं. अमोल कप पुसत होता.

"चल घरी," काका म्हणाले. "तुजी माय वाट बघायली. फकस्त एकदा तुज्या तोंडानं ऐकू दे. म्या मारलं नाही म्हन. एवढंच. लोकं नाहीत, पोलीस नाहीत, मी हाये."

मला वाटलं आता मेश्राम साहेबांच्या आवाजात ओरडावं, कबुतरं परत गाझियाबादला जातील एवढ्या मोठ्याने, की बोल रे, एक शब्द बोल.

अमोलने कप ताटात उपडा ठेवला. फडकं झटकून खांद्यावर टाकलं. फोनवर त्याने एकदा सांगितलं होतं, तेव्हा ते चाललं नव्हतं.

"मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला.